उपग्रह प्रतिमेला उठाव देण्यापूर्वी : सातारा-सांगलीच्या प्रतिमांवर काम करण्याचा योग्य क्रम

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत महाविद्यालयीन प्रकल्प, पाणलोटाचे आराखडे, उसाच्या क्षेत्राचे अंदाज अशा अनेक कामांसाठी मोफत मिळणाऱ्या उपग्रह प्रतिमा वापरल्या जातात. या कामांत एक चूक वारंवार आढळते. प्रतिमा उतरवून घेतली जाते, ती डोळ्यांना स्पष्ट दिसावी म्हणून उजळली जाते आणि मग त्या उजळलेल्या प्रतिमेवरच एनडीव्हीआय (हिरवळीचा निर्देशांक: निकट अवरक्त आणि लाल मूल्यांतील फरक भागिले त्यांची बेरीज) काढला जातो किंवा पिकांचे वर्गीकरण केले जाते. नकाशा सुबक दिसतो, पण त्यातील आकडे निरुपयोगी असतात. नकाशा पाहणाऱ्याला ते ओळखताही येत नाही.

पूर्वप्रक्रिया फाइलमध्ये साठवलेले मूल्य दुरुस्त करते, तर उठाव, म्हणजे प्रतिमा उजळणे किंवा ठळक करणे, केवळ पडद्यावर दिसणारे रूप बदलतो. म्हणून मोजणी पूर्वप्रक्रिया झालेल्या फाइलवर करावी, उठाव फक्त पाहण्यासाठी द्यावा आणि या दोन गोष्टी कधीही एका फाइलमध्ये मिसळू नयेत. पुढील टप्पे सेंटिनेल-२ आणि लँडसॅट ८ व ९ यांच्या प्रतिमा आणि क्यूजीआयएस ही मोफत प्रणाली गृहीत धरून लिहिले आहेत. दुसरी प्रणाली वापरणाऱ्यांना बटणांची नावे वेगळी दिसतील, क्रम मात्र तोच राहील.

## टप्पा १ : प्रश्न ठरवा, मग तारीख ठरवा

प्रतिमा शोधण्यापूर्वी आपल्याला नेमके काय ओळखायचे आहे हे एका वाक्यात लिहून काढावे, कारण योग्य तारीख त्या वाक्यावर ठरते. वाळवा किंवा कराड तालुक्यातील ऊस वेगळा काढायचा असेल, तर नोव्हेंबरची प्रतिमा अडचणीची ठरते, कारण त्या वेळी रब्बीची पिकेही हिरवी होऊ लागलेली असतात. मार्च-एप्रिलमध्ये ज्वारी, हरभरा आणि गहू निघून जातात आणि शिवारात उरलेली दाट हिरवळ बहुतेक ठिकाणी ऊस किंवा फळबाग असते. तासगाव, मिरज परिसरातील द्राक्षबागांचा अभ्यास करणाऱ्याने एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपासची फळ छाटणी ध्यानात ठेवली पाहिजे. छाटणीनंतर बागेतील पानोळा जातो आणि एनडीव्हीआय एकदम खाली येतो. हा उतार रोगाचा किंवा पाणीटंचाईचा म्हणून नोंदवला गेला, तर पुढचा सगळा निष्कर्ष चुकतो.

जून ते सप्टेंबर या काळात महाबळेश्वर, पाटण, जावळी आणि शिराळा या पट्ट्यात ढगविरहित प्रतिमा मिळणे फार कठीण असते. कासच्या पठारावरील फुलोऱ्याचा हंगाम नेमका याच काळाला लागून येतो, त्यामुळे तेथे केवळ प्रकाशीय प्रतिमांवर विसंबून योजना आखू नये. कृष्णेच्या पुरासाठीही हेच लागू आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांसारख्या प्रसंगी पाणी चढलेले असते तेव्हा आकाशही ढगांनी भरलेले असते. अशा वेळी ढगांतून आरपार पाहणारी सेंटिनेल-१ ची रडार प्रतिमा घ्यावी. तिची पूर्वप्रक्रिया पूर्णपणे वेगळी असते आणि येथे सांगितलेले टप्पे तिला लागू पडत नाहीत.

तपासणी: दोन वर्षांची तुलना करायची असेल, तर दोन्ही तारखा एकाच हंगामातील आणि शक्यतो दोन आठवड्यांच्या आतबाहेरच्या आहेत ना, हे पाहावे. पाऊस लवकर किंवा उशिरा आला असेल, तर दिनदर्शिकेपेक्षा पिकाची अवस्था जुळवणे अधिक महत्त्वाचे ठरते.

## टप्पा २ : प्रतिमा उतरवणे आणि तिची पातळी ओळखणे

सेंटिनेल-२ च्या प्रतिमा युरोपीय अवकाश संस्थेच्या कोपर्निकस संकेतस्थळावर, लँडसॅटच्या प्रतिमा अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अर्थ एक्सप्लोररवर, तर रिसोर्ससॅटच्या प्रतिमा हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या भूनिधी संकेतस्थळावर मिळतात. उतरवण्यापूर्वी उत्पादनाची पातळी वाचावी. सेंटिनेल-२ ची पातळी १सी म्हणजे वातावरणाच्या माथ्यावरील परावर्तन (पडलेल्या प्रकाशापैकी परत फिरणारा हिस्सा) आणि पातळी २ए म्हणजे वातावरणाचा परिणाम काढून टाकलेले जमिनीवरील परावर्तन. शिवाराच्या अभ्यासासाठी पातळी २ए घ्यावी. एका मालिकेत काही प्रतिमा १सी आणि काही २ए असे मिश्रण कधीही करू नये.

सेंटिनेल-२ मध्ये १३ बँड, म्हणजे प्रकाशाचे वेगवेगळे टिपलेले पट्टे, आहेत. त्यांपैकी निळा, हिरवा, लाल आणि निकट अवरक्त, म्हणजे बँड २, ३, ४ आणि ८, हे १० मीटरचे आहेत. बँड ५, ६, ७, ८ए, ११ आणि १२ हे २० मीटरचे, तर उरलेले तीन ६० मीटरचे आहेत. लँडसॅट ८ व ९ चे दृश्य व अवरक्त बँड ३० मीटरचे असून पॅनक्रोमॅटिक (करड्या छटांचा, अधिक तपशिलाचा) बँड १५ मीटरचा आहे. जत किंवा आटपाडीतील लहान शेततळ्यांसाठी ३० मीटरचा पिक्सेल अपुरा पडतो. कोयनेच्या शिवसागर जलाशयाचे पाणक्षेत्र मोजायला मात्र तो पुरेसा आहे.

उतरवलेल्या मूळ फाइली एका स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवून त्यांवर लिहिण्याची परवानगी बंद करावी आणि सर्व काम प्रतीवर करावे. सोबत येणारी माहितीची फाइल, म्हणजे सेंटिनेलची एमटीडी आणि लँडसॅटची एमटीएल, कचरा समजून पुसून टाकू नये. टप्पा ४ मध्ये लागणारे गुणांक तिच्यातच असतात.

## टप्पा ३ : काहीही न बदलता पहिली पाहणी

प्रतिमा क्यूजीआयएसमध्ये उघडल्यावर ती लगेच सजवण्याचा मोह टाळावा. प्रणाली प्रतिमा उघडतानाच स्वतःहून एक स्ट्रेच (मूल्यांचा पट्टा पडद्याच्या उजळपणावर ताणून दाखवणे) लावते आणि पडद्यावर दिसणारे चित्र मूळ मूल्यांचे नसून त्या स्ट्रेचचे असते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. म्हणून आयडेंटिफाय साधनाने पिक्सेलवर क्लिक करून प्रत्यक्ष आकडे वाचावेत. खोल पाणी, दाट ऊस, उघडी काळी जमीन, मुरमाड माळ आणि शहरातील पत्र्याची छपरे अशा पाच-सहा जागा निवडून त्यांची प्रत्येक बँडमधील मूल्ये वहीत लिहावीत. पुढील प्रत्येक टप्प्यानंतर याच जागा पुन्हा तपासायच्या आहेत.

याच पाहणीत प्रतिमेच्या कडांचा काळा भाग, तुटलेल्या ओळी, पट्टे आणि ढग पाहून घ्यावेत. जुन्या काळाशी तुलना करण्यासाठी लँडसॅट ७ वापरणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. ३१ मे २००३ रोजी त्या उपग्रहाचा स्कॅन लाइन करेक्टर बंद पडला आणि तेव्हापासूनच्या प्रत्येक प्रतिमेत सुमारे २२ टक्के भाग रिकामा आहे. या रिकाम्या पट्ट्या शेजारच्या मूल्यांनी भरून क्षेत्रफळ मोजले, तर मोजणीत बनावट जमीन शिरते.

सावधान: सेंटिनेलच्या फोल्डरमधील टीसीआय नावाची रंगीत फाइल फक्त पाहण्यासाठी असते. ती ८ बिटची, आधीच उठाव दिलेली असते. तिच्यावर कोणतेही गणित करू नये.

## टप्पा ४ : अंकीय मूल्याचे परावर्तनात रूपांतर

सर्वाधिक चुका याच टप्प्यात होतात, म्हणून येथे घाई करू नये. फाइलमध्ये साठवलेला आकडा म्हणजे परावर्तन नव्हे. तो साठवणुकीच्या सोयीसाठी गुणून, आणि बऱ्याचदा त्यात काही मिळवून, पूर्णांकात बदललेला असतो.

सेंटिनेल-२ साठी पूर्वी मूल्याला १०००० ने भागले की परावर्तन मिळत असे. २५ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या ०४.०० या प्रक्रिया-आवृत्तीत प्रत्येक मूल्यात १००० मिळवले जातात. त्यामुळे त्या आणि त्यापुढील आवृत्त्यांसाठी सूत्र असे होते:

परावर्तन = (मूल्य − १०००) ÷ १००००

कोणते सूत्र लावायचे हे प्रतिमा घेतल्याच्या तारखेवरून ठरवू नये, कारण जुन्या प्रतिमांवरही नव्या आवृत्तीने पुन्हा प्रक्रिया झालेली आहे. फाइलच्या नावात ‘एन’ या अक्षरानंतर चार अंक असतात. ते ०४०० किंवा त्याहून मोठे असतील, तर १००० वजा करावेत. गुगल अर्थ इंजिन वापरणाऱ्यांनी हार्मोनाइज्ड नावाचा संच निवडावा. त्यात ही वजाबाकी आधीच झालेली असते आणि ती पुन्हा करायची नसते.

एनडीव्हीआय हे गुणोत्तर असल्याने अशी दुरुस्ती न केली तरी चालते, असा गैरसमज दृढ झाला आहे. केवळ गुणक असता, तर तो अंश आणि छेद या दोहोंतून निघून गेला असता. पण मिळवलेली संख्या अशी निघून जात नाही. समजा, उसाच्या एका पिक्सेलचे निकट अवरक्त मूल्य ४००० आणि लाल मूल्य १५०० आहे. थेट गणित केल्यास २५०० भागिले ५५००, म्हणजे ०.४५ येते. १००० वजा करून केल्यास ३००० आणि ५०० या मूल्यांवरून २५०० भागिले ३५००, म्हणजे ०.७१ येते. पीक एकच, शेत एकच, पण पहिला आकडा मध्यम पीक सांगतो आणि दुसरा जोमदार. २०२१ च्या जुन्या आवृत्तीची प्रतिमा आणि २०२३ ची नवी प्रतिमा दुरुस्तीविना शेजारी ठेवली, तर संपूर्ण तालुक्यातील पीक खालावल्याचे खोटे चित्र उभे राहते.

लँडसॅटच्या कलेक्शन २, पातळी २ साठी परावर्तन = मूल्य × ०.०००००२७५ असे चुकून लिहिलेले आढळते. योग्य गुणक ०.००००२७५ आहे आणि गुणाकारानंतर ०.२ वजा करायचे असतात. पडताळणीसाठी हा हिशेब हाताशी ठेवावा: मूल्य १०००० असेल, तर उत्तर ०.०७५ आले पाहिजे. पातळी १ ची प्रतिमा घेतली असेल, तर एमटीएल फाइलमधील गुणक आणि बेरीज लावल्यानंतर सूर्याच्या उंचीकोनाच्या साइनने भागावे लागते. ही शेवटची पायरी गाळली, तर हिवाळ्यातील प्रतिमा विनाकारण अंधाऱ्या येतात.

रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये हे गणित करताना दोन गोष्टी पाळाव्यात. पहिली, निकालाची फाइल दशांश प्रकारची, म्हणजे फ्लोट ३२ ठेवावी. सावलीत किंवा खोल पाण्यात मूल्य १००० पेक्षा कमी असू शकते आणि वजाबाकी ऋण येते. ऋण संख्या न मावणाऱ्या १६ बिटच्या फाइलमध्ये ती साठवली, तर ६५ हजारांच्या आसपासचा अवाढव्य आकडा उमटतो आणि कोयनेचे पाणी कापसाहून पांढरे दिसू लागते. दुसरी, प्रतिमेबाहेरील शून्याला आधी नोडेटा (माहिती नसलेली जागा) म्हणून घोषित करावे. तसे न केल्यास त्या रिकाम्या जागेचे परावर्तन −०.१ होते, तिचा एनडीव्हीआय शून्य निघतो आणि तालुक्याच्या सरासरीत हजारो खोटे पिक्सेल मिसळतात.

तपासणी: टप्पा ३ मधील जागा पुन्हा वाचाव्यात. निवळ खोल पाण्याचे निकट अवरक्त परावर्तन साधारणपणे ०.०५ च्या खाली असते. दाट हिरव्या पिकाचे लाल परावर्तन ०.१ पेक्षा बरेच कमी आणि निकट अवरक्त परावर्तन ०.३ च्या वर असते. एखादी जागा यात अजिबात बसत नसेल, तर पुढे जाऊ नये.

## टप्पा ५ : वातावरणाची दुरुस्ती, फक्त गरज असेल तेव्हा

पातळी २ए किंवा लँडसॅटची पातळी २ घेतली असेल, तर ही दुरुस्ती झालेली आहे आणि ती पुन्हा करू नये. पातळी १ च्याच प्रतिमा उपलब्ध असतील, तर सर्वांत सोपी पद्धत काळ्या वस्तूच्या वजाबाकीची आहे. जेथून जवळजवळ काहीही परावर्तित होऊ नये, अशा जागेवर दिसणारे मूल्य हवेतील विखुरणाचे आहे असे मानून ते संपूर्ण बँडमधून वजा केले जाते. विखुरण निळ्या बँडमध्ये सर्वाधिक आणि अवरक्तात अत्यल्प असते, म्हणून प्रत्येक बँडसाठी वेगळी वजाबाकी काढावी.

काळी वस्तू म्हणून कोयना किंवा वारणेच्या चांदोली जलाशयाचा खोल, निवळ भाग योग्य असतो, पण तोही प्रत्येक महिन्यात नव्हे. पावसाळ्यानंतर लगेच पाणी गढूळ असते. मे महिन्यात सूर्य डोक्याजवळ असल्याने पाण्याच्या पृष्ठभागावरून थेट चकाकी उपग्रहापर्यंत पोहोचू शकते आणि पाणी उजळ दिसते. म्हसवडजवळच्या राजेवाडी तलावासारखे उथळ जलाशय तर या कामासाठी कधीच घेऊ नयेत, कारण त्यांचा तळ आणि गाळ परावर्तनात मिसळतो.

## टप्पा ६ : ढग, सावल्या आणि डोंगरउतार

पातळी २ए सोबत एससीएल नावाचा २० मीटरचा वर्गनकाशा येतो. त्यातील ३ म्हणजे ढगाची सावली, ८ आणि ९ म्हणजे मध्यम व अधिक शक्यतेचा ढग, तर १० म्हणजे विरळ सिरस ढग. हे चार वर्ग आणि ० व १ हे सदोष वर्ग मुखवट्यात, म्हणजे झाकायच्या जागांच्या थरात, घेऊन ती जागा नोडेटा करावी. ढगाच्या कडा विरळ असतात आणि वर्गनकाशातून निसटतात, म्हणून मुखवट्याला १०० ते २०० मीटरची वाढीव किनार द्यावी. लँडसॅटमध्ये हेच काम क्यूए पिक्सेल बँड करतो. मात्र त्यातील माहिती बिटांत साठवलेली असल्याने आकडा जसाच्या तसा वर्ग म्हणून वाचू नये. ढगासाठी बिट ३ आणि ढगाच्या सावलीसाठी बिट ४ पाहावा.

या वर्गनकाशावर आंधळा विश्वास ठेवू नये. आपल्या भागात तो ठरावीक ठिकाणी फसतो. औद्योगिक वसाहतींची चकचकीत छपरे ढग म्हणून नोंदली जाऊ शकतात. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनींवरील पांढरा थर आणि नदीतील कोरडी वाळू यांच्या बाबतीतही तसे घडू शकते. उलट ऊसतोडीनंतर पाचट जाळलेली काळी शेते सावलीत गणली जाण्याचा धोका असतो. म्हणून मुखवटा अर्धपारदर्शक करून प्रतिमेवर ठेवावा आणि डोळ्यांनी तपासावा. खऱ्या ढगाची सावली सूर्याच्या विरुद्ध दिशेला, ठरावीक अंतरावर आणि ढगाच्याच आकाराची असते. सेंटिनेल-२ आणि लँडसॅट हे उपग्रह आपल्याकडे सकाळी अकराच्या सुमारास येतात, त्यामुळे हिवाळ्यात सावली ढगाच्या वायव्येला शोधावी. ज्या काळ्या डागाला ढग सापडत नाही, तो डाग जमिनीवरचाच आहे.

डोंगरी भागासाठी आणखी एक दुरुस्ती लागते. डिसेंबर-जानेवारीत सूर्य आग्नेयेला आणि कमी उंचीवर असल्याने पाटण, जावळी आणि महाबळेश्वरचे वायव्येकडील उतार अंधारात राहतात. तेथील जंगल समोरच्या उतारावरील त्याच जंगलाहून वेगळे भासते. लँडसॅटच्या जमिनीवरील परावर्तनात ही उताराची दुरुस्ती केलेली नसते. ३० मीटरचे उंचीचे प्रतिमान वापरून सी-करेक्शन पद्धतीने ती करावी. साधी कोसाइन पद्धत टाळावी, कारण कमी प्रकाशाच्या उतारांना ती गरजेपेक्षा जास्त उजळते. सपाट मिरज किंवा पलूस तालुक्यासाठी या दुरुस्तीत वेळ घालवण्याचे कारण नाही.

## टप्पा ७ : एकच जाळी, एकच प्रक्षेपण, मग छाटणी

दोन्ही जिल्हे यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-प्रक्षेपणाच्या ४३ उत्तर पट्ट्यात येतात, म्हणून सर्व थर ईपीएसजी ३२६४३ या प्रक्षेपणात ठेवावेत. तालुक्याची सीमा अक्षांश-रेखांशात असेल, तर प्रतिमा अंशांत बदलण्याऐवजी सीमा मीटरमध्ये बदलावी. अंशांत क्षेत्रफळ मोजता येत नाही आणि प्रतिमेचे पुनर्नमुनाकरण (पिक्सेल नव्या जाळीत बसवणे) जितक्या कमी वेळा होईल तितके चांगले.

२० मीटरचे बँड १० मीटरवर आणताना पिक्सेलच्या कडा तंतोतंत जुळल्या पाहिजेत. पुढे निर्देशांक काढायचे असतील, तर निकटतम शेजारी पद्धत वापरावी, कारण ती मूळ मूल्ये बदलत नाही. केवळ पाहण्याच्या प्रतिमेसाठी शेजारच्या पिक्सेलांची मूल्ये मिसळणारी बायलिनियर किंवा क्यूबिक पद्धत चालेल. एससीएलसारख्या वर्गनकाशाला मात्र निकटतम शेजारी हीच एकमेव योग्य पद्धत आहे. बायलिनियरने ४ आणि ८ या वर्गांची सरासरी ६ येते, आणि ६ म्हणजे पाणी! पीक आणि ढग यांच्या सीमेवर अशी न वाहणारी ओढे-नाल्यांची रांग तयार झालेली पाहिली, तर कारण येथे शोधावे.

स्थान तपासताना नदीचा काठ किंवा जलाशयाची कडा नियंत्रणबिंदू म्हणून घेऊ नये, कारण पाण्याची पातळी हंगामागणिक बदलते. कोयना किंवा धोम धरणाच्या भिंतीची टोके, कराडच्या धावपट्टीची टोके, मोठ्या रस्त्यांचे छेद अशा न हलणाऱ्या जागा घ्याव्यात. भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना स्थलदर्शक नकाशा सोबत वापरायचा असेल, तर तो एव्हरेस्ट गोलाभावर आधारलेला आहे हे ध्यानात ठेवून त्याचे आधारपृष्ठ आधी बदलून घ्यावे. अन्यथा तो कित्येक पिक्सेल सरकलेला बसतो आणि दोष प्रतिमेच्या माथी मारला जातो.

सेंटिनेल-२ चा प्रत्येक तुकडा सुमारे ११० किलोमीटर लांब-रुंद असतो आणि शेजारच्या तुकड्याशी जवळपास १० किलोमीटर सामाईक असतो. सातारा जिल्हा एका तुकड्यात मावत नाही. एकाच दिवशी, एकाच फेरीत घेतलेले तुकडे कोणतेही रंग न जुळवता थेट जोडावेत. वेगवेगळ्या तारखांचे तुकडे जोडावे लागले, तर जोडणीची रेषा लपवण्यासाठी हिस्टोग्राम (मूल्यांच्या विभागणीचा आलेख) जुळवू नये, कारण त्याने मूल्ये बदलतात. रेषा दिसू द्यावी आणि दोन्ही तारखा नोंदवाव्यात.

छाटणी सर्वांत शेवटी करावी आणि त्या वेळी बाहेरील भागाला नोडेटा मूल्य दिले आहे याची खात्री करावी. येथे तयार होणारी फाइल ही मोजणीची फाइल होय. एनडीव्हीआय, पाण्याचे निर्देशांक, वर्गीकरण हे सर्व हिच्यावर करावे. यापुढील टप्पे केवळ डोळ्यांसाठी आहेत.

## टप्पा ८ : बँडांची रंगमांडणी

बिल्ड व्हर्च्युअल रास्टर साधनाने बँड एकत्र करताना प्रत्येक फाइल स्वतंत्र बँडमध्ये ठेवण्याचा पर्याय निवडलेला असावा. तो राहून गेला, तर सर्व बँड एकावर एक पडतात आणि फक्त एकच उरतो. व्हर्च्युअल फाइलमध्ये बँडांना १, २, ३ असे नवे क्रमांक मिळतात, त्यामुळे मूळ बँड ८ तेथे कितवा आहे हे लिहून ठेवावे.

नैसर्गिक रंगांसाठी सेंटिनेलचे ४-३-२ आणि पिकांसाठी एफसीसी (कृत्रिम रंगांची प्रतिमा), म्हणजे ८-४-३ ही मांडणी वापरावी. लँडसॅट ८ व ९ मध्ये हीच एफसीसी ५-४-३ अशी येते. एफसीसीमध्ये हिरवी पाने लाल, निवळ पाणी जवळजवळ काळे आणि उघडी जमीन करड्या-निळसर छटांत दिसते. रिसोर्ससॅटच्या लिस-३ मध्ये निळा बँडच नसल्याने त्याची नैसर्गिक रंगांची प्रतिमा थेट करता येत नाही. ओलावा आणि जळालेली शेते पाहण्यासाठी सेंटिनेलची ११-८-४ ही मांडणी मला सर्वाधिक उपयोगी वाटते. तीत ओली जमीन गडद होते आणि माण-खटावमधील कोरडे माळ लगेच वेगळे निघतात.

## टप्पा ९ : स्ट्रेच

पडद्याला ० ते २५५ इतक्याच पायऱ्या दाखवता येतात, तर आपल्या शिवारातील बहुतेक परावर्तन एका अरुंद पट्ट्यात एकवटलेले असते. रेषीय स्ट्रेच हा पट्टा पूर्ण पायऱ्यांवर ताणतो. किमान ०.०४ आणि कमाल ०.२४ ठरवले, तर ०.१४ हे परावर्तन बरोबर मध्यावर, म्हणजे १२८ च्या आसपास दिसते. ०.०४ खालचे सगळे काळे आणि ०.२४ वरचे सगळे पांढरे होते. किमान-कमाल कुठे ठेवायचे, यावरच प्रतिमेचे सर्व सौंदर्य आणि सर्व फसवणूक अवलंबून असते.

किमान-कमाल म्हणून फाइलमधील खरी टोके घेतली, तर एखाद्या चकचकीत छपरामुळे उरलेली प्रतिमा अंधारते. त्यामुळे क्यूजीआयएस २ ते ९८ टक्क्यांची छाट लावते आणि पहिल्या पाहणीसाठी ती योग्य आहे. तेथेच स्टॅटिस्टिक्स एक्स्टेंटचा पर्याय असतो. तो ‘अपडेटेड कॅनव्हास’वर ठेवला, तर नकाशा सरकवला की रंग बदलतात, आणि कोयनेच्या खोऱ्यातून दहिवडीकडे सरकताना तेच शेत वेगळ्या छटेचे दिसते. पाहणीपुरता तो सोयीचा आहे, तुलनेसाठी कदापि नाही.

दोन तारखांची तुलना करताना किमान-कमाल हाताने भरावेत आणि दोन्ही प्रतिमांना तेच द्यावेत. सुरुवातीला दृश्य बँडांसाठी ० ते ०.३ आणि निकट अवरक्तासाठी ० ते ०.५ ही मर्यादा चालते. जतच्या उजाड माळासाठी ती थोडी वाढवावी लागेल, तर दाट जंगलासाठी कमी करावी लागेल. प्रत्येक प्रतिमेला तिचा स्वतःचा आपोआप स्ट्रेच दिल्यास दुष्काळाच्या वर्षातील कोमेजलेले शिवारही चांगल्या वर्षाइतकेच हिरवेगार दिसते. टंचाईचे प्रस्ताव आणि पीक-पाहणीचे अहवाल यांसोबत जोडल्या जाणाऱ्या प्रतिमांत ही चूक गंभीर ठरते, कारण अशा चित्रांवर शेतकऱ्याच्या हक्काचे निर्णय अवलंबून असू शकतात.

एकाच प्रतिमेत गडद जलाशय आणि उजळ माळ असतील, तर एक रेषीय स्ट्रेच दोघांना न्याय देऊ शकत नाही. तेव्हा पाण्याचा मुखवटा काढून त्याला वेगळा, ० ते ०.१ इतका अरुंद स्ट्रेच द्यावा. धरणात येणारा गाळाचा प्रवाह तेव्हाच दिसतो. हिस्टोग्राम इक्वलायझेशन लपलेला तपशील शोधायला उपयोगी आहे, पण ते मूल्यांमधील प्रमाण मोडते. त्यामुळे त्या चित्रावरून ‘हे त्याहून दुप्पट उजळ आहे’ असे विधान करता येत नाही.

तपासणी: स्ट्रेच लावल्यानंतर आयडेंटिफायने पुन्हा मूल्य वाचावे. ते टप्पा ७ प्रमाणेच आले पाहिजे. बदलले असेल, तर कुठेतरी उठाव फाइलमध्येच लिहिला गेला आहे.

## टप्पा १० : फिल्टर आणि पॅनशार्पनिंग

विखुरलेला कणीदारपणा घालवायचा असेल, तर ३ × ३ चा मीडियन फिल्टर साध्या सरासरीपेक्षा बरा, कारण तो बांध आणि कालव्यांच्या कडा टिकवतो. भूजलासाठी बेसॉल्टमधील रेषीय खुणा शोधणारे कडा ठळक करणारे फिल्टर वापरतात. त्यांनी सूर्याची दिशा विसरू नये. हिवाळ्यात आग्नेयेकडून येणाऱ्या प्रकाशात ईशान्य-नैऋत्य रेषा सावलीमुळे ठसठशीत होतात आणि आग्नेय-वायव्य रेषा बुजतात. प्रकाशाने घडवलेली ही निवड भूरचना म्हणून नकाशावर चढवू नये.

याच प्रकाशामुळे आणखी एक भ्रम होतो. डोळ्याला प्रकाश वरून येण्याची सवय असते. प्रतिमेत तो खालून येतो, आणि कोयनेचे खोरे डोंगराच्या धारेसारखे उंच भासू लागते. शंका आल्यास क्यूजीआयएसमध्ये नकाशा १८० अंश फिरवून पाहावा किंवा समोच्च रेषा वर ठेवाव्यात.

लँडसॅटचा १५ मीटरचा पॅन बँड सुमारे ०.५० ते ०.६८ मायक्रोमीटर इतकाच प्रकाश टिपतो. निकट अवरक्त त्यात येत नाही. पॅनशार्पन केलेला, म्हणजे पॅन बँडच्या तपशिलाने धारदार केलेला, निकट अवरक्त बँड म्हणूनच दिसायला तीक्ष्ण, पण मूल्यांनी अविश्वसनीय असतो. त्यावर एनडीव्हीआय काढू नये.

## टप्पा ११ : साठवण

क्यूजीआयएसमधून निर्यात करताना ‘रॉ डेटा’ आणि ‘रेंडर्ड इमेज’ असे दोन पर्याय येतात. मोजणीची फाइल नेहमी रॉ डेटा म्हणून, जिओटिफमध्ये ठेवावी. रेंडर्ड इमेज स्ट्रेचसह ८ बिटचे तीन रंग साठवते. ती अहवालात लावण्यासाठी आहे आणि तिच्या नावातच ‘चित्र’ असा शब्द घालावा, म्हणजे सहा महिन्यांनी दुसरा कोणी ती मोजणीला घेणार नाही.

प्रत्येक मोजणीच्या फाइलशेजारी त्याच नावाची एक साधी मजकूर फाइल ठेवावी. तिच्यात उपग्रह, तारीख, पातळी, प्रक्रिया-आवृत्ती, वजा केलेली संख्या, मुखवट्यात घेतलेले वर्ग, पुनर्नमुनाकरणाची पद्धत आणि प्रक्षेपण लिहावे. अहवालात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक चित्राखाली बँडांची मांडणी आणि स्ट्रेचची किमान-कमाल मूल्येही छापावीत.